रेघ ऐकू येत नाही

आमच्या घरात बरीच वर्षं खोडरबर नव्हतं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्यासाठी आणावं लागलं, आणि तेही मी दुकानात जरा दबक्या आवाजातच मागितलं. कारण असं की मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तपासनीस होते, आणि आमच्याकडे खोडरबर वापरणं हे चोरी करण्याच्या फार तर एक पायरी खाली होतं.

नकाशा आणि त्याच्याबरोबर जाणारं सूचनापत्रक, म्हणजे काम कोणत्या क्रमाने कसं करायचं त्याच्या पायऱ्या, हे एकदा खाली शॉपमध्ये, कामगारांच्या हातात, गेलं की त्यातलं काहीही पुसायचं नाही, हा आमचा नियम. चूक सापडली तर चुकीच्या ओळीवर लाल शाईची एकच सरळ रेघ मारायची, तीही अशी की खालचं वाचता यावं. वर बरोबर काय ते लिहायचं, शेजारी आपली आद्याक्षरं आणि तारीख. मी नवीन असताना एकदा एक माप चांगलं गिरवून गिरवून काळं केलं होतं. शॉपमधले एक वयस्कर फोरमन तो कागद घेऊन जिना चढून वर आले आणि म्हणाले, "मॅडम, काटिए, मगर ऐसे काटिए कि कटा हुआ भी पढ़ने में आए. मेरा आदमी आधा काम पुराने नाप से कर चुका है. उसको पता तो चले कि बदला क्या है." मला ते पटलं. इतकं पटलं की पुढे सगळा जन्म मी तसंच केलं.

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या, बरखेड्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. त्यावर 'साबुदाणा' खोडून वर 'भगर', भगर खोडून वर 'शेंगदाणे', आणि प्रत्येक वेळी तारीख. घरी येणाऱ्या बायका ते वाचून हसायच्या. आमचे हे तर सगळ्यांना सांगायचे, "लग्नाआधी हिला जी स्थळं आली होती ना, त्यांचीही नावं हिने कुठेतरी एक रेघ मारून ठेवली असणार. वाचता येतील अशी."

हे त्याच कारखान्यात टेस्टिंगला होते. मूळचे पुण्याचे, नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आलेले. मी इंदूरची. त्यामुळे घरात मराठी कोणाचं शुद्ध यावर रोज एक चकमक व्हायची आणि दोघंही हरल्याशिवाय ती संपायची नाही. टेस्टिंगवाल्यांचं काम काय, तर बाकी सगळ्यांनी मिळून बनवलेली वस्तू नापास करून दाखवणं. त्यांच्या चेहऱ्यावरसुद्धा हळूहळू तसा भाव येतो. मी केलेली भाजी तोंडात घालताना ह्यांचा चेहरा अगदी वजनकाट्यासारखा व्हायचा.

एक व्यसन मात्र ह्यांना होतं, ते म्हणजे वाचायचं. वर्तमानपत्र तर पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यापासून शेवटच्या पानावरच्या छपाईच्या पत्त्यापर्यंत. पुण्याहून टपालाने येणारं साप्ताहिक, दिवाळी अंक, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली बारीक चिठ्ठी, भजी बांधून आलेला कागद, काही सोडायचं नाही. एकदा बसमध्ये पुढच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र हे मागून वाचत होते आणि त्याने पान उलटलं तेव्हा ह्यांनी "एक मिनट, भाई साब" म्हटलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि त्याच शहरात, आनंद नगरला लहानसं घर घेतलं. तिथे एक-दोन वर्षं बरी गेली, आणि मग ह्यांचे डोळे गेले. अगदी गेले असं नाही, पण डोळ्यांच्या बरोबर मधोमध डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. म्हणजे भाजीवाला गल्लीत शिरलेला दिसायचा, पण हातातली भेंडी दिसायची नाही. डॉक्टर भले होते. सगळ्या तपासण्या झाल्यावर म्हणाले, "जितना है, उतना सँभालिए." चालण्याफिरण्याला अडचण नव्हती. फक्त अक्षरं गेली.

मग मी वाचून दाखवायला लागले. मी वाईट वाचते, हे आधीच सांगून टाकते. मला वाचताना बोलावं लागतं. अग्रलेखाच्या पहिल्या परिच्छेदातच माझं आणि संपादकाचं वाजायचं. क्रिकेट मला कंटाळवाणं वाटतं म्हणून मी धावसंख्या सांगून पुढे जायची. बाजारभाव गाळायची. "अगं, तू वाचतेयस का भांडतेयस?" असं हे विचारायचे. सुरुवातीला हसून विचारायचे, नंतर नुसतंच विचारायचे. आणि माझ्या मागे काय कमी कामं होती? गॅसवर दूध असलं की मी अर्ध्या वाक्यात उठायची. हे तिथेच, त्या अर्ध्या वाक्यावर, मी परत येईपर्यंत बसून असायचे.

एका सकाळी मी अशीच परत आले तर म्हणाले, "हे बघ, तू वाचतेस त्याचे उपकार आहेत. पण काय वाचायचं, कुठे थांबायचं, काय परत वाचायचं, हे मला ठरवायचंय. डोळे नसले तर नसू देत. मर्जी तरी माझी पाहिजे." मी म्हटलं, "मग तुमच्या मर्जीची बाई ठेवा." पण ते मला लागलं होतं, आणि लागलं कारण ते खरं होतं.

दिवाळीत मुलगी बंगलोरहून आली. तिने ह्यांच्या जुन्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घातलं, पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारं. माउस नाही, डोळे नाहीत, सगळं बटणांवर. मी किंमत विचारली तर म्हणाली, "काही नाही. हे ओपन सोर्स आहे. जगभरातले लोक मिळून बनवतात. कुणीही वापरावं, आणि चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती सुचवावी." मी म्हटलं, म्हणजे आपल्या मंडळाच्या गणपतीसारखं. वर्गणी कुणाची, मांडव कुणी घातला, काही पत्ता नसतो, पण आरती वेळेवर होते. ती म्हणाली, "वेळेवर नाही गं, पण होते."

त्याची एक मराठी मार्गदर्शिका होती, इंटरनेटवर. कुणीतरी हौसेने लिहिलेली, पायरीपायरीने. मुलगी परत गेल्यावर आमचा वर्ग सुरू झाला. मी माझ्या फोनवर मार्गदर्शिका उघडून पायरी वाचायची आणि हे लॅपटॉपवर ती करायचे. लॅपटॉपमधली बाई कोरडी बोलायची, 'ळ' म्हणताना तिला कष्ट पडायचे, पण वाचायची मुकाट्याने. "ही मध्ये बोलत नाही," असं हे माझ्या देखत कौतुकाने म्हणाले. मी सोडून दिलं. वर्ग छान चालला होता. वर्तमानपत्र कसं उघडायचं, बातमी कशी निवडायची, मागे कसं जायचं, बाई गप्प झाली तर तिला कसं बोलतं करायचं, सगळं ह्यांना येऊ लागलं. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात इंदूरला माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मी तिच्याकडे गेले आणि काही दिवस राहून परत आले. घरात पाऊल टाकलं तर लॅपटॉप टेबलावर बंद, आणि त्यावर माझा क्रोशाचा रुमाल. आमच्या टाउनशिपमधल्या बायका सगळ्यावर क्रोशाचा रुमाल घालत, रेडिओवर, टीव्हीवर, मिक्सरवर. पण तो आम्ही घालायचो. पुरुषाने आपल्या हाताने एखाद्या वस्तूवर रुमाल घातला, तर ती वस्तू त्याने मिटवली असं समजायचं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. नको आता ते. तू वाच."

'तू वाच' हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला रडू यायचं बाकी राहिलं. मर्जीबिर्जी सगळं सोडून दिल्यासारखं. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कुठलीतरी बटणं चुकून दाबली गेली आणि बाई एकदम गप्प झाली. ह्यांना मार्गदर्शिकेतलं ते वाक्य पाठ होतं. आवाज बंद झाल्यास अमुक दोन बटणं एकत्र, एकदा दाबा. ह्यांनी एकदा दाबली. बोलणं आलं नाही, नुसतं टीं टीं यायला लागलं. संपलं. लिहिलंय एकदा, म्हणजे एकदा. टेस्टिंगचा माणूस लिहिलेल्याच्या बाहेर एक बोट हलवत नाही. यंत्र बिघडलं असं त्यांनी ठरवलं आणि रुमाल घातला.

"अहो, मग मला फोन करायचा. शेजारी सांगायचं."

"तुझ्या बहिणीचा गुडघा तिथे, त्यात माझं टीं टीं कुठे सांगू? आणि दर वेळी कुणाला तरी बोलवायचं असेल, तर मग ते माझं वाचणं कसलं?"

मला राग आला की मी भांडी घासते. भांडी घासता घासता डोक्यात आलं की हे वाक्य तर आपण दोघांनी मिळून करून पाहिलं होतं, आणि तेव्हा बाई बोलली होती. मग आता का नाही? हात पुसले, ह्यांच्या खुर्चीत बसले, लॅपटॉपच्या पडद्यावर न्हाणीघरातला टॉवेल टाकला आणि मुद्दाम तिला गप्प केलं. मग लिहिल्याप्रमाणे एकदा दाबलं. टीं टीं. आणखी एकदा दाबलं तर काहीच नाही, अगदी शुकशुकाट. तिसऱ्यांदा दाबल्यावर बाईने तोंड उघडलं. म्हणजे ती दोन बटणं पंख्याच्या रेग्युलेटरसारखी होती, फिरवत फिरवत जायचं. एकदा दाबून भागतच नव्हतं.

मग आमच्या वर्गात कसं भागलं? ते टॉवेलकडे बघून कळलं. त्या वेळी पडद्यावर अक्षरं उमटत होती, आणि ती वाचून मी म्हणत होते, "हं, अजून एकदा. अजून एकदा. आली बघा." असं मी जागोजागी केलं होतं. मार्गदर्शिकेतल्या सगळ्या खड्ड्यांवर मीच फळ्या टाकत चालले होते, आणि इंदूरला जाताना त्या फळ्या माझ्याबरोबर घेऊन गेले.

मुलीला फोन लावला आणि त्या मार्गदर्शिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती शांतपणे म्हणाली, "आई, पानाच्या वर पेन्सिलचं चित्र आहे. ते दाब आणि दुरुस्त कर."

"मी? कुणाच्या परवानगीने?"

"परवानगी लागत नाही. तू बदल करून पाठवायचा. ते लोक बघतात आणि बरा वाटला तर घेतात."

सरकारी कारखान्यात जन्म घालवलेल्या बाईला हे ऐकून घेरी यायची बाकी राहते. आमच्याकडे एक शून्य बदलायला चार टेबलं फिरावी लागत. पण रागात होते, म्हणून दाबली पेन्सिल. बरोबर वाक्य तयारच होतं: बोलणं ऐकू येईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, मध्ये टीं टीं किंवा शांतता आली तरी थांबू नका. फक्त जुन्या वाक्यावर रेघ कशी मारायची ते कळेना. पुन्हा मुलीला विचारलं. ती मीटिंगमध्ये होती. घाईघाईने तिने सांगितलं की वाक्याच्या दोन्ही बाजूंना अशी अशी नागमोडी चिन्हं टाक. का विचारतेस, हे तिने विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं. मी चिन्हं टाकली. जुन्या वाक्यावर सुंदर सरळ रेघ आली, खालचं वाचता येईल अशी. पुढे नवं वाक्य, माझी आद्याक्षरं, तारीख. पाठवून दिलं. निवृत्तीनंतर प्रथमच काहीतरी पद्धतशीर केल्याचं समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ही मराठी मार्गदर्शिका सांभाळणारा एक विदर्भातला तरुण शिक्षक होता. त्याने फार सभ्यपणे लिहिलं होतं. दुरुस्ती अगदी बरोबर आहे, इतके दिवस कुणाच्या लक्षात कशी आली नाही याचं आश्चर्य वाटतं, फक्त मॅडम, जुनं वाक्य काढून टाका.

मला हात दाखवून अवलक्षण करायची हौस आहेच. मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. जुनं वाक्य कधी काढायचं नसतं, ज्यांनी जुन्याप्रमाणे काम सुरू केलंय त्यांना बदल कळायला हवा, आमच्याकडे ही पद्धत होती आणि ती विचार करून घातलेली होती, वगैरे. शेवटी लिहिलं की ते खोडलेलंच आहे, तेव्हा काळजी नसावी.

त्याचं उत्तर आलं: "मला दोन्ही वाक्यं ऐकू येतात. आधी 'एकदा दाबा'. मग 'पुन्हा पुन्हा दाबा'. मग कुणाची तरी दोन अक्षरं आणि एक तारीख. मी नेमकं काय करू?"

मी चिडून लिहिलं, "अहो, त्यावर रेघ मारलीय ना!"

"रेघ ऐकू येत नाही, काकू," असं त्याने लिहिलं. आणि खाली, अगदी सहज, की मी जन्मापासून पाहिलेलं नाही, हे सगळं मी ऐकूनच सांभाळतो.

मी चष्मा काढून ठेवला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच ती मार्गदर्शिका होती, आणि मी तिच्यात जी दुरुस्ती केली होती ती फक्त दिसणाऱ्याला कळणारी होती. आत खुर्चीत बसलेल्या माझ्या नवऱ्याने ते पान ऐकलं असतं, तर आधीची एक चूक आणि वर माझी एक, अशा दोन्ही त्याच्या कानात गेल्या असत्या. टॉवेल टाकून परीक्षा मी घेतली होती, पण दुरुस्ती लिहिताना टॉवेल काढला होता.

तो मुलगा मात्र खरंच गुणी होता. माझ्या मनात काय चाललंय ते त्याने ओळखलं असावं. त्याने मला एक जागा दाखवली, तिथे त्या पानाचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास होता. काय होतं, काय झालं, कुणी केलं, कधी केलं, का केलं. एक अक्षरही हरवलेलं नव्हतं. "जुनं सगळं इथे असतं, काकू. पानावर फक्त बरोबर तेवढं." मी तो इतिहास दुपारभर वाचत बसले. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. म्हणजे ह्या लोकांकडेही खोडरबर नव्हतंच, त्यांनी रेघा फक्त वेगळ्या खोलीत ठेवल्या होत्या.

मी जुनं वाक्य काढलं. आयुष्यात प्रथमच काढलं, आणि बोट जरा अडखळलं. आद्याक्षरंही काढली. त्यावर त्याने लिहिलं की हे एखाद्या नवख्या माणसाने करून पाहिलं तर बरं, त्याला स्वतःला सगळं पाठ असल्यामुळे त्याची परीक्षा खोटी. आता असा नवखा माणूस माझ्या घरात एकच होता, आणि त्याने रुमाल घातला होता.

ह्यांच्याकडे जाऊन गोड बोलण्यात अर्थ नव्हता. 'तुमच्यासाठी केलंय हो' म्हटलं असतं तर ते उठून फिरायला गेले असते. मी लॅपटॉपवरचा रुमाल काढला आणि म्हटलं, "टेस्टिंगला माल आलाय."

ह्यांनी बोटांनी लॅपटॉपची कड चाचपली. मग विचारलं, "कुणी बनवलाय?"

"मी."

"मग नापास होईल," असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मी शेजारी बसायला गेले तर म्हणाले, "तू कुठे? बनवणाऱ्याने टेस्टिंगला उभं राहायचं नाही. बाहेर जा." हा त्यांच्या विभागाचा खराखुरा नियम होता. वस्तू बनवणारे शेजारी उभे राहिले की नकळत हात लावतात, सूचना देतात, आणि नापास वस्तू पास होते. मी ते चांगलं करून दाखवलं होतंच. पिशवी घेतली आणि रायसेन रोडवर भाजी आणायला गेले. काय आणलं ते आठवत नाही. परत आले तर निकाल तयार होता. गप्प झालेल्या बाईला बोलतं करायचं वाक्य पास. त्याच्या खालच्या सगळ्या पायऱ्या नापास.

"'उजवीकडचं निळं बटण' असं लिहिलंय. निळं कसं ऐकू येतं?"

"ते मी नाही लिहिलेलं. आधीचं आहे."

"कुणाचंही असो. 'वर दाखवल्याप्रमाणे.' कुणी दाखवलं? कधी? आणि 'नवी खिडकी उघडेल.' उघडली हे मला कळणार कसं? बाई तेव्हा काय बोलते ते लिहा."

अशी आमची दुसरी नोकरी सुरू झाली. मी लिहायची आणि हे नापास करायचे. मी लिहायचं म्हणजे टॉवेल टाकून, हे आता मलाच कळलं होतं. रंग काढून टाकले, 'वर', 'खाली', 'शेजारी' काढलं. त्याऐवजी काय दाबलं की बाई काय म्हणते, ते लिहिलं. एखादी पायरी मी स्वतःवर खूश होऊन लिहावी आणि ह्यांनी "रिजेक्ट" म्हणावं, हे इतकं जुनं सुख होतं की मी रोज भांडून ते घ्यायची. विदर्भातला मुलगा आमचे बदल घेत गेला. एकदा त्याने लिहिलं, "काकांना सांगा, मी घाबरतो त्यांना." हे ऐकून दिवसभर ह्यांची छाती फुगलेली होती.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. हे सगळं टेस्टिंग होतं. टेस्टिंग संपलं की लॅपटॉप बंद. वर्तमानपत्र अजून मीच वाचत होते. हे ऐकत होते, आणि दूध उतू जायला लागलं की थांबत होते. मी एकदा म्हटलं की आता तुम्हीच वाचा की. तर म्हणाले, "तू घरात आहेस तोवर काय, काहीही चालतं." म्हणजे यंत्रावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. किंवा बसला होता, पण तो परत मोडेल याची भीती होती. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण एवढ्या वर्षांनंतर त्यांना ते म्हणावं लागत नाही.

भाचीच्या मुलीचं बारसं निघालं, पुन्हा इंदूरला. मी जाऊ की नको करत होते. हे म्हणाले, "जा. त्यात काय." मी फ्रिजमध्ये डबे भरले, शेजारी किल्ली दिली आणि बसले बसमध्ये. वाटेतलं सीहोर मागे पडेपर्यंत मी स्वतःलाच शिव्या देत होते. बाई गप्प झाली तर? ह्या वेळीही नाही जमलं, तर पुन्हा रुमाल पडेल, आणि तो मग कुणीही काढू शकणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. फोन करायचा मोह होत होता. पण मी फोन केला असता तर ते टेस्टिंगला उभं राहिल्यासारखंच झालं असतं. नाही केला.

बारशाच्या दिवशी, पाळण्याभोवती बायका गाणी म्हणत असताना माझा फोन वाजला. हेच होते.

"आवाज गेला होता."

मी पाळण्यापासून दूर सरकले. "मग?"

"आला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बहीण विचारायला लागली, काय झालं, रडतेस का. मी म्हटलं, आवाज आला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की हिचंही एखादं ऑपरेशन करून घ्यावं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. हे खुर्चीत बसलेले, समोर लॅपटॉप उघडा, कानात इअरफोन, पाठ माझ्याकडे. मी आलेलं त्यांना कळलंच नाही. आणि ते हसत होते. एकटेच, खांदे हलवत, मोठ्याने. डोळे गेल्यापासून त्यांना हसू यायचं ते कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीवर, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. हे तसलं नव्हतं. ह्यात मी नव्हते.

मी पुढे जाऊन खांद्याला हात लावला. "अहो, काय झालं एवढं?"

त्यांनी मान वळवली नाही. एक हात वर केला. "थांब. एवढं संपू दे."

आजवर मी थांबले की त्यांना थांबावं लागायचं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांचं संपेपर्यंत तिथेच उभी राहिले.